‘आमच्या वेळी’चा हिशेब कसा मांडावा

“साडेसहाशेत घर चालवलं आम्ही!” हे वाक्य मी भाच्याला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. १९८२ साली मी तीस वर्षांचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर (लेथवर काम करणारा), महिन्याला साडेसहाशे. भाचा आता तिशीचा, गोकुळ शिरगावात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रावर), पगार २६ हजार. एके दिवशी त्यानं वहीच पुढ्यात टाकली. तेव्हापासून मी हिशेब असा मांडतो.

पहिली गोष्ट, वय सारखं धरा. माझा निवृत्तीचा पगार आणि त्याचा तिशीतला पगार शेजारी ठेवून उपयोग नाही.

मग महागाई. शिमल्याचा लेबर ब्युरो कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. १९८२ ला तो १०० धरला होता. पुढं १०० धरायचं पायाचं वर्ष दोनदा बदललं, आधी २००१ आणि मग २०१६ झालं, म्हणून आजचा आकडा १९८२ च्या पायावर आणायला त्याला आधी २.८८ नं आणि मग ४.६३ नं गुणायचं. मार्च २०२५ चा आकडा १४३, गुणाकार साधारण १९०७. म्हणजे महागाई एकोणीस पट. माझे साडेसहाशे आजचे बारा हजार साडेतीनशे झाले. भाचा माझ्या दुप्पट कमावतो! मी मिशीला पीळ दिला.

“थांबा की मामा,” तो म्हणाला, “आता हजेरीत मोजा.”

खरी गंमत इथंच आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर माझी हजेरी, म्हणजे दिवसाची कमाई, २५ रुपये, त्याची हजार. आता प्रत्येक वस्तू किती दिवसांच्या घामाची, ते लिहा. माझी सायकल साडेचारशेची, म्हणजे अठरा दिवस. त्याला तशीच सहा दिवसांत येते. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला सोळाशेच्या आसपास, म्हणजे चौसष्ट दिवस. त्याला शंभराच्या वर. (गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पण आईच्या पाटल्यांचा जुना तोळा ११.६६ चा. घरातल्या पावत्या वाचताना हे बघा, नाहीतर भांडण ठरलेलं.) आणि जागा! कळंब्याकडं मी एक गुंठा १०,४०० ला घेतला, सोळा महिन्यांचा पगार. गेल्या वर्षी शेजारचा गुंठा अठरा लाखांना गेला. त्याचे एकोणसत्तर महिने.

एकच आकडा काढून ‘कोण सुखी’ ठरवू नका. सायकल, टीव्ही, फोन त्याच्या बाजूला. जमीन, सोनं माझ्या. आणि बायकोला विचारा. रॉकेलच्या रांगेत, नळावर गेलेले तिचे तास माझ्या साडेसहाशेत कुठंच नव्हते. माझ्या हिशेबातली सगळ्यात मोठी खोट हीच.

शेवटी व्याज आणि म्हातारपण. १९८६ ते २००० पीपीएफला (सरकारच्या दीर्घ बचतीच्या खात्याला) १२ टक्के मिळायचे, आता ७.१. पण तेव्हा महागाईही जोरात होती, ती वजा केल्याशिवाय ओरडू नका. सरकारी नोकरीतल्यांनी १ नोव्हेंबर २००५ ही तारीख वहीत वेगळी मांडावी. राज्यात त्या दिवसापासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. आम्हा कारखानेवाल्यांना मात्र १९९५ ची पीएफची पेन्शन. माझी दीड हजार.

भाच्यानं तीही हजेरीत मोजली. “मामा, दीड दिवस.” मग वही मिटली आणि चहा सांगितला. पैसे त्यानंच दिले.