बारा मीटरची सळई वर चढवताना

सळईच्या कामात काळजी घ्या म्हटलं की सल्ला मिळतो हातमोज्यांचा आणि बुटांचा. ते घालायचेच. पण माणूस जिवानिशी जातो तो सळई वरच्या मजल्यावर चढवताना, रस्त्यावरच्या ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या विजेच्या तारेला ती टेकली तर.

आधीची कामं सोपी आहेत. ट्रकमधून दुमडून आलेला गठ्ठा उघडताना टोकांच्या समोर उभं राहू नका, बांधणीची तार तोडताच सळई उसळते. माल ओंडक्यांवर रचा. कापणं, वाकवणं खालीच उरका.

आता चढवणं. १२ मिमी जाडीची अख्खी सळई जेमतेम पावणेअकरा किलोची. एका गड्याला सहज पेलते, म्हणून कुणी गांभीर्याने घेत नाही. वरचा गडी टोक कठड्यावरून आत घेतो आणि खाली दाबतो. त्याच क्षणी मागची शेपटी रस्त्याच्या बाजूला वर उचलली जाते. वरच्याची नजर आतल्या टोकावर, खालच्याचा हात सुटलेला. शेपटीकडे कुणाचंच लक्ष नाही.

"तार भिंतीपासून १.२ मीटर लांब आहे, नियमात बसतं," असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ते अंतर इमारतीसाठी आहे, हातातल्या सळईसाठी नाही. रबरी हातमोज्यांवर तर अजिबात विसंबू नका. बांबूने तार बाजूला धरणारा मुकादम दिसला तर काम तिथेच थांबवा.

माझ्या साइटवर रस्त्याच्या बाजूने सळई चढत नाही. मागच्या बाजूने, तीही वर तार नसेल तरच. रिंगा (उभ्या-आडव्या सळयांभोवती बांधायची वाकवलेली कडी) आणि कॉलमचे तुकडे मापात कापून न्यायचे. बीमच्या लांब सळया मागून जाणार नसतील तर महावितरणकडे अर्ज करून लाइन बंद करून घ्यायची, आणि ती बंद झाल्याचं त्यांच्या माणसाने सांगेपर्यंत सळईला हात लावायचा नाही. एक दिवस खोळंबा होतो, ठेकेदार कुरकुरतो. होऊ दे. शेपटीला दोरी बांधून खाली एक जाणता माणूस ठेवायचा, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. 'थांब' म्हणायचा हक्क त्याचा.

तरीही कुणाला शॉक लागलाच, तर त्याला ओढायला धावू नका. सळईला किंवा त्याला हात लावणाराही जातो. सगळ्यांना लांब करा, लाइन बंद करायला महावितरणला फोन करा आणि ११२ लावा.

कॉलमचे वर सोडलेले गज त्याच संध्याकाळी झाका. प्लास्टिकच्या टोप्या फक्त ओरखडे वाचवतात, वरून पडणाऱ्या माणसाला नाही. टोकांवर जाड फळी घट्ट बांधा.