आजीची भाषा, बाळाच्या हातात

माझे आई-बाबा कर्णबधिर आहेत. मला ऐकू येतं, माझ्या नवऱ्याला येतं आणि आमच्या दीड वर्षाच्या मनूलाही येतं. बँकेत, दवाखान्यात, अगदी माझ्याच शाळेच्या पालकसभेत मी आठव्या वर्षापासून आई-बाबांच्या मधे उभी राहून दुभाष्याचं काम केलंय. मनू पोटात होती तेव्हाच ठरवलं, की नातीशी बोलायला तरी त्यांना मधे कुणी लागता कामा नये. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींनी 'आमच्या बाळाला ही खुणांची भाषा कशी शिकवायची?' असं विचारलं, म्हणून आमच्या घरी काय केलं ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी नजर. बोलताना बाळ कुठेही बघत असलं तरी शब्द कानावर पडतो. खूण मात्र दिसली नाही तर ती झालीच नाही. माझी आई हे कसं करते ते मी तासन्‌तास बघत बसायचे. मनू उताणी पडून छताच्या पंख्याकडे टक लावून बघत असली, की आई तिचं तोंड आपल्याकडे वळवत नाही. आपला हातच मनूच्या नजरेच्या वाटेत नेते, पंखा आणि डोळे यांच्या मधे, आणि तिथे बोट गोल फिरवते. मग थांबते. मनूनं आजीकडे बघितलं, की भुवया उंचावून तीच खूण पुन्हा करते, नेहमीपेक्षा मोठी आणि सावकाश. कधीकधी खूण मनूच्या अंगावरच करते, तिच्या गालावर नाहीतर पोटावर. ते थांबणं सोडू नका. आपल्याला ऐकू येणाऱ्यांना सतत बोलायची सवय असते, त्यामुळे बाळाची नजर येईपर्यंत आपल्याला दम धरवत नाही.

सुरुवात कधी करायची? आई-बाबांनी मनू घरी आल्या दिवसापासून केली. तुमच्या घरी ही भाषा नवीन असेल, तर सहाव्या महिन्याच्या आसपास करा. तेव्हा बाळ टेकून बसतं आणि हात मोकळे असतात. बाळ बहुधा आठ-दहा महिन्यांचं झालं की उलट खूण करतं, कुणाला जास्तही वेळ लागतो. तोवर आपण करत राहायचं.

शब्द कोणते? दूध, पाणी, आणखी, संपलं हे सगळेच सांगतात आणि ते उपयोगाचेही आहेत. पण बाळ ज्याच्याकडे आपणहून बघतं त्याची खूण आधी द्या. मनूसाठी तो पंखा होता, मग खिडकीतली कबुतरं, मग देवापुढचा दिवा. चार-पाच खुणा घ्या आणि त्या त्या वेळीच करा. दूध पाजायच्या आधी दुधाची, पाजतानाही दुधाची. 'चल, आजीला करून दाखव' असं कधीही म्हणू नका. खूण ही बाळाची गरज आहे, पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम नाही. आणि हे आपल्याला अगदीच नवं नाही. टाटा, बाप्पाला जेजे, 'कुठे गेलं?' म्हणून उलटे केलेले तळवे, हे प्रत्येक मराठी घरात चालतंच.

दहाव्या महिन्यात मनूनं पहिली खूण केली तेव्हा मला ती ओळखताच आली नाही. ती खांद्यापासून अख्खा हात हवेत गरागरा फिरवत होती. मला वाटलं, अंगावर काही बसलंय. आईनं एका क्षणात ओळखलं: पंखा! बाळांना बोटांचे आणि मनगटाचे बारकावे जमत नाहीत, म्हणून ती कोपरातून नाहीतर खांद्यातून हलवतात. जागा मात्र बहुतेक वेळा बरोबर असते. 'चूक' म्हणून तिचा हात धरून दुरुस्त करू नका. आपण नीट खूण करून उत्तर द्या: हो, पंखा, पंखा फिरतोय. बोबडे बोल ऐकून आपण जे करतो, तेच.

खुणा कुठून शिकायच्या? अमेरिकेतले बाळांचे व्हिडिओ बघून शिकू नका, एवढी कळकळीची विनंती. त्यांची भाषा वेगळी आहे, त्यांची अक्षरंसुद्धा एका हाताची, आपली दोन हातांची. भारतीय सांकेतिक भाषा शिका. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत आणि त्यांचे व्हिडिओ फुकट बघता येतात. गावागणिक काही खुणा बदलतात, त्यामुळे आमच्या घरची एखादी खूण तिथे वेगळी दिसेल. पण शक्य असेल तर कर्णबधिर माणसाकडूनच शिका आणि शिकवणीचे पैसे द्या. ही भाषा त्यांची आहे. ती हातांनी केलेली मराठीही नव्हे: 'काय', 'कुठे' वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, गाल, मान हे सगळं व्याकरणाचं काम करतं. बाई म्हणजे नाकातल्या चमकीच्या जागी बोट, पुरुष म्हणजे मिशी. मनूला ही मिशी फार आवडते.

मी मनूशी मराठीत बोलते आणि वाक्यातल्या मुख्य शब्दाला खूण जोडते. आई-बाबा पूर्ण त्यांच्या भाषेत बोलतात, मी त्यात तोंड घालत नाही. कडेवर बाळ असलं, की एकच हात उरतो. तेवढ्यानं भागतं, दुसऱ्या हाताच्या जागी बाळाचा गुडघा नाहीतर पाठ घ्या. संध्याकाळी नारायण पेठेत आई-बाबांच्या घरी व्हिडिओ कॉल लावते तेव्हा फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि उजेड आमच्या तोंडावर येईल असं बघते. खिडकी पाठीशी असली तर बाबांना आमच्या नुसत्या सावल्या दिसतात.

आता भीतीबद्दल. मनू आठ महिन्यांची असताना एका डॉक्टरांनी सांगितलं, 'हातवारे बंद करा, मुलगी बोलायची नाही.' त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि बाबांच्या तोंडाकडे बघवेना. नंतर मी शोधून वाचलं. पेटिटो आणि मॅरेंटेट या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं, की कर्णबधिर घरातली कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात, जशी इतर बाळं तोंडानं बा-बा-बा करतात. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये चाळीस बाळांवर झालेल्या अभ्यासात खुणांमुळे बोलणं लवकर आलं नाही, आणि मागेही पडलं नाही. म्हणजे हुशारी वाढेल या आशेनं हे करू नका. ऐकू येणाऱ्या बाळाच्या कानावर भरपूर मराठी पडू द्या, गप्पा मारा, गाणी म्हणा. आणि बाळ आवाजाकडे वळत नसेल, बडबडत नसेल, तर 'खुणांमुळे असेल' म्हणून थांबू नका, कान तपासून घ्या.

एक राहिलं. बारशाला मनूचं कागदावरचं नाव आम्ही ठेवलं, खुणेतलं आईनं. मनूच्या हनुवटीला खळी आहे, तिथे करंगळी टेकवली की मनू. तुमच्या बाळाला कुणी कर्णबधिर व्यक्ती असं नाव देऊ करेल, तर ते घ्या. आपल्या मनानं ठेवायचं नसतं.

गेल्या आठवड्यात नारायण पेठेत दुपारी वीज गेली. मी आत भाकरी थापत होते. बाहेर डोकावले, तर मनू आजोबांच्या मांडीवर बसून वर बघत होती. बोट फिरवलं: पंखा. मग दोन्ही तळवे रिकामे करून हलवले: संपला. बाबांनी तिला वीज गेल्याचं सांगितलं, आणि येईल, थांब, असंही. ती थांबली. माझ्याकडे दोघांपैकी कुणीही बघितलं नाही.