दहावीनंतरची पहिली नोकरी : आईवडिलांनी कुठे बघायचं, कुठे बाजूला व्हायचं

पुण्यात अप्पा बळवंत चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि आमचा हंगाम मेअखेरीपासून जूनभर चालतो, म्हणून दरवर्षी दोन-तीन मुलंमुली कामाला येतात. त्यांच्या आईवडिलांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

काम मुलालाच मागू द्या. वेळ काय, पगार किती, खाडा झाला तर किती कापणार, हे त्यानं विचारायचं. पगाराचं बोलताना मुलं खाली बघतात. घरी एकदा सराव करून घ्या, पण त्याच्यासोबत दुकानात येऊ नका.

तुम्ही तपासायचा तो कायदा. १४ वर्षांखालच्या मुलाला दुकानात नोकरीला ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. सलग ३ तासांनंतर तासभर विश्रांती, ती धरून दिवसाचे ६ तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आठवड्याला सुट्टी. मालक "आमच्याकडे असलं चालत नाही" म्हणाला, तर भिडेखातर गप्प बसू नका. मुलाला तिथे पाठवू नका.

एवढं झालं की बाजूला व्हा. मी नव्या मुलाला लगेच गल्ल्यावर बसवत नाही. आधी एकेरी, दुरेघी, चौरेघी, चौकटीच्या वह्या ओळखायच्या, मग शाळेची यादी वाचून माल काढायचा. शाळेत गणित चुकलं तर मार्क स्वतःचेच जातात. इथे दुरेघीऐवजी एकेरी बांधून दिली, की कुणा बाईची हडपसरहून फेरी वाया जाते. ती बाई परत येते तेव्हा मी पुढे होत नाही. "काकू, माझ्याकडून चुकलं, बदलून देतो," हे त्यानंच म्हणायचं. एक मुलगी सुरुवातीला गिऱ्हाइकाकडे बघतही नसे. पुढे तीच एका आजोबांना म्हणाली, "थांबा, नात पहिलीत आहे ना? मग चौरेघी लागेल, शाळेत फोन करून विचारा." तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्याची अडचण तिला आपली वाटली, आणि माझ्या मते मूल मोठं होतं ते तिथे.

"मालक ओरडले" असं मूल घरी आल्यावर म्हणालं, तर काय झालं ते शांतपणे ऐका, मालकाला फोन करू नका. पण हात उचलला, शिवी दिली, नको तसा स्पर्श केला किंवा पगार अडवला, तर त्याच दिवशी दुकानात जा.

पगार त्याच्या खात्यात जाऊ द्या. १० वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येणारं बचत खातं बँका उघडून देतात. घराला पैशांची गरज असेल तर स्पष्ट सांगून घ्या, परस्पर काढू नका. पहिल्याच पगारात महागडे बूट आणले, तर आणू द्या.

अकरावी सुरू झाली की पुष्कळ मुलं न सांगता यायची थांबतात. हे मात्र होऊ देऊ नका. आठ दिवस आधी येऊन सांगायचं, आपल्याकडचा माल दुसऱ्याला नीट दाखवायचा आणि राहिलेला पगार मागून घ्यायचा.