होडीला विजेची मोटर बसवण्याआधी: बॅटरीची जागा आणि वायरिंग

खाडीत किंवा जलाशयात चालणाऱ्या लहान फायबर होडीला १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर बसवायची असेल, तर वायर विकत घेण्याआधी बॅटरीची जागा ठरवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. मोटर आणि ती चालवणारा माणूस दोघेही मागेच असतात. त्यात १०० अँपिअर-अवरची, सुमारे तीस किलोची लेड-ॲसिड बॅटरीही मागेच ठेवली, तर नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलली जाते आणि मागची फळी पाण्याला टेकू पाहते. म्हणून बॅटरी मधल्या बाकाखाली घ्यावी, आणि भोके पाडण्यापूर्वी होडी पाण्यात उतरवून, नेहमीची माणसे बसवून ती सरळ तरंगते का ते पाहावे. बॅटरीची पेटी तळाला साचणाऱ्या पाण्यापासून वर, पट्ट्याने घट्ट बांधलेली आणि हवेशीर असावी, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो.

बॅटरी पुढे सरकली की वायर लांबते, आणि नेमकी इथेच काटकसर सुचते. ५५ पौंड ओढीची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते. अंतर तीन मीटर धरले, तरी जाऊन-येऊन सहा मीटर तांबे लागते; १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो, तर १६ च्या वायरीत तो एक तृतीयांश व्होल्टवर येतो. खाऱ्या पाण्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेलीच वायर घ्यावी, अन्यथा तांबे आवरणाच्या आतून हिरवे पडत जाते. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे टोक, योग्य मापाच्या पक्कडीने क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी चढवावी. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणे म्हणजे जोड नव्हे.

पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर असावा. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसी प्रवाह शून्यावर येत नसल्याने त्यातली ठिणगी सहजी विझत नाही. लिथियम बॅटरी असल्यास तिचे बीएमएस (बॅटरीतले संरक्षक सर्किट) ५० अँपिअर सतत सोसणारे आहे का आणि चार्जर तिच्याच प्रकारचा आहे का, तेही आधी विचारून घ्यावे.

शेवटी होडी धक्क्याला बांधून मोटर काही मिनिटे पूर्ण वेगात चालवावी, बॅटरीच्या व मोटरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा, आणि मोटर बंद करताच प्रत्येक लगला हात लावून पाहावा. जो गरम लागेल तो जोड कापून नव्याने करावा.