हंसराज सारखा सारखा का वाळतो? सांगलीत नेचे लावताना या चुका टाळा

महाबळेश्वरला गेलं की स्ट्रॉबेरीबरोबर हंसराजची (नाजूक पानांचा नेचा, म्हणजे मेडनहेअर फर्न) एक कुंडी गाडीत येतेच, आणि घाट उतरून सांगलीत आली की पंधरा दिवसांत नुसत्या काड्या. माझ्या तीन गेल्या, चौथी टिकली, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पानं वाळायला लागली की पाणी वाढवणं. अहो, तिकडं पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, ढग अंगावरनं जातात, आपल्याकडं जेमतेम पाच-सहाशे आणि मार्चपासनं कोरडं वारं, त्यामुळं पान वाळतं ते हवेनं आणि आपण पाणी ओततो मुळाशी. तिसरी कुंडी उपसली तेव्हा मुळं काळी पडलेली, वास मारत होती. कधी जुन्या दगडी विहिरीत डोकावून बघा, चिऱ्यांच्या फटीत हाच हंसराज मजेत असतो, सावली आहे, भोवती दमट हवा आहे, पण मुळं काय पाण्यात बुडलेली नसतात. तेच घरी करायचं. पसरट ताटात खडे, खड्यांच्या वरच्या टोकाखालीच पाणी आणि वर कुंडी (पाणी बदलत रहा, नाहीतर डास). दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवा, फॅनच्या झोतात नको, बाथरूमची उजेडाची खिडकी बेस्ट.

दुसरं, नदीकाठची काळी माती. उसाला सोनं आहे ती, पण कुंडीत पाणी धरून बसते. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू घ्या.

बोस्टन फर्नची (हाही नेचाच, लांब पानांचा) टोकं करपत असतील आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार असणार. पावसाचं पाणी साठवून वापरा. युरिया तर टाकूच नका.

आमच्या शेजारच्या काकूंनी बोस्टनच्या पानामागचे तपकिरी ठिपके बघून कीटकनाशक मारलं! ते बीजाणू हो (नेच्याचं बी म्हणा), ओळीत सारखे असतात. खवले कीड कशीही विखुरलेली असते, काडीवरही दिसते, चिकट लागते आणि नखानं निघते.

आणि हंसराज पूर्ण वाळला तरी लगेच फेकू नका. सगळ्या काड्या बुडाशी कापा, सावलीत माती नुसती ओलसर ठेवा, खालचा कंद जिवंत असला तर गुंडाळी झालेले कोंब वर येतात. माझ्या चौथ्या कुंडीला बावीस दिवस लागले, तोवर बायको दोनदा ती घंटागाडीत टाकायला निघाली होती.