नवे ब्युटी पार्लर चालत नसेल, तर ते पुढे रेटावे की थांबवावे हे कसे ठरवावे

तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या उपनगरात गाळा भाड्याने घेऊन पार्लर सुरू केले, सात-आठ महिने उलटले आणि तरीही खुर्ची दुपारभर रिकामीच राहते, अशा वेळी निर्णय बहुधा घरच्यांच्या बोलण्यावरून किंवा एखाद्या वाईट आठवड्यावरून घेतला जातो. तो हिशोबाच्या वहीवरून घ्यावा.

प्रथम दिवसाला किती गल्ला हवा, ते काढावे. समजा, गाळ्याचे भाडे 9,000, वीजबिल 2,500, अर्धवेळ मदतनीस मुलीचा पगार 6,000 आणि कर्जाचा हप्ता 3,500 रुपये आहे. म्हणजे ठरलेला खर्च 21,000 रुपये झाला. शंभर रुपयांच्या कामात वीस रुपये व्हॅक्स, क्रीम, दोरा आणि पट्ट्यांवर जात असतील, तर महिन्याला 26,250 आणि कामाचे 26 दिवस धरून रोज सुमारे 1,010 रुपये आल्यावाचून खर्च भागत नाही. त्यात स्वतःचा मेहनताना, निदान 12,000 रुपये, अवश्य धरावा. तेव्हा हाच आकडा 1,590 च्या आसपास जातो. स्वतःच्या श्रमाची किंमत शून्य धरून 'पार्लर भागते आहे' असे म्हणणाऱ्या अनेक जणी वर्षानुवर्षे फुकट राबतात, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. साध्या वहीत प्रत्येक ग्राहकाचे नाव, तारीख, केलेले काम आणि 'कोणाकडून कळले' हे चार रकाने दोन-तीन महिने न चुकता भरावेत. भुवयांचे केस तीन-चार आठवड्यांत पुन्हा वाढतात, त्यामुळे आयब्रो करून घेणारी बाई सहा आठवड्यांतही फिरकली नाही, तर ती बहुधा दुसरीकडे जाऊ लागली आहे, असे समजावे. नव्या दहा जणींपैकी पाच-सहा परत येत असतील, पण मुळात नव्याच कमी येत असतील, तर हात चांगला आहे आणि अडचण केवळ माहिती पोहोचण्याची आहे. असे पार्लर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, उद्घाटनाच्या सवलतीला गर्दी झाली आणि त्यांतल्या दोघीच परतल्या, तर आणखी फलक लावून उपयोग नाही. अशा वेळी न आलेल्या चार-पाच जणींना फोन करून नम्रपणे कारण विचारावे. भुवया बारीक झाल्या, व्हॅक्सने भाजले, टॉवेल ओलसर होता, वेळ देऊनही थांबावे लागले, अशी उत्तरे ऐकायला कडू असली तरी ती सुधारता येतात.

महिन्यांची तुलना करताना पंचांग समोर ठेवावे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पौषात ती मंदावते आणि आषाढापासून नवरीच्या मेकअपचे काम जवळजवळ थांबते. 2026 सालच्या अधिक ज्येष्ठासारखा (17 मे ते 15 जून) महिना भर उन्हाळ्यातली कामे खातो. मात्र श्रावणातील मंगळागौर, गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांमुळे मधल्या काळात थोडाफार हात फिरता राहतो. म्हणून एक पूर्ण लग्नसराई हाताखालून गेल्याशिवाय, शक्यतो, शेवटचा निर्णय घेऊ नये.

तेवढी कळ काढण्यासाठी पैसा मात्र हवा. तीन महिन्यांचा ठरलेला खर्च बाजूला नसेल, तर आधी खर्च उतरवावा: मालकाशी भाड्याबद्दल बोलावे, केराटिनसारख्या महाग मालाचा साठा थांबवावा, गाळा सोडून घरच्या खोलीत काम करता येईल का ते पाहावे. त्यानंतर एक तारीख आणि एक आकडा कागदावर लिहून घरातल्या जबाबदार माणसाला दाखवावा. उदाहरणार्थ, खर्च उतरवल्यावर स्वतःच्या मेहनतान्यासह रोजचा आकडा 1,300 वर आला असेल, तर 'वैशाख संपेपर्यंत रोजची सरासरी 1,300 झाली नाही, तर गाळा सोडायचा.' मुदत सरत आल्यावर आकडा खाली आणू नये, आणि पार्लर टिकवण्यासाठी दागिने गहाण ठेवून दुसरे कर्ज तर मुळीच काढू नये.

थांबायचे ठरले, तर भाडेकरारातील नोटिशीचा काळ आणि अनामत परत मिळण्याची अट आधी वाचावी. मुद्रा योजनेचे असो वा अन्य, पार्लर बंद झाले तरी कर्ज चालूच राहते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकलेले कर्ज, ठरवते, म्हणून त्यापूर्वीच बँकेत जाऊन बोलावे. खुर्च्या आणि स्टीमर नव्याने पार्लर काढणाऱ्यांना विकता येतात. ज्यांनी पॅकेजचे पैसे आगाऊ भरले आहेत, त्यांची उरलेली कामे घरी जाऊन पूर्ण करावीत किंवा रक्कम परत करावी, आणि ही सोय गाळ्याची किल्ली मालकाच्या हाती देण्याआधी करावी.