हॉकीचा किशोरवयीन गोलरक्षक कसा पारखावा

१९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी रूपसिंह यांचे नाव ग्वाल्हेरच्या स्टेडियमला आहे. मध्य प्रदेश राज्याची महिला हॉकी अकादमीही याच शहरात आहे. तरीही आपल्याकडील शालेय निवड-चाचण्यांमध्ये आघाडीच्या खेळाडूंवर तासभर नजर खिळलेली असते आणि गोलरक्षकाचा निर्णय शेवटच्या दहा मिनिटांत, त्याने किती गोल खाल्ले एवढ्यावरून उरकला जातो. ही पद्धत मला अन्यायकारक वाटते, कारण कमकुवत बचावफळीमागे उभा असलेला उत्तम मुलगाही पाच गोल खातो.

सर्वप्रथम साहित्य तपासावे. शाळेचे पॅड आणि किकर (बुटांवर बांधायचे जाड संरक्षक) पुष्कळदा मोठ्या मुलांच्या मापाचे असतात, आणि ढिला किकर घातलेले चपळ मूलही मंद दिसते. तेरा-चौदाव्या वर्षी उंचीला फार महत्त्व देऊ नये. मातीच्या मैदानावर चेंडू अवचित उसळतो आणि टर्फवर तो वेगाने सरपटत येतो, म्हणून शक्य असल्यास मुलाला दोन्हीकडे पाहावे.

सामना सुरू झाल्यावर चेंडूमागे नजर फिरवण्याचा मोह आवरून निदान एक सत्र केवळ गोलरक्षकाच्या पायांकडे पाहावे. गोल ३.६६ मीटर रुंद असतो. रेषेवरच उभ्या राहणाऱ्या मुलाला ही सगळी रुंदी सांभाळावी लागते, तर चेंडू आणि गोलाचा मध्य जोडणाऱ्या रेषेवर दोन पावले पुढे येणारा मुलगा फटका मारणाऱ्यासमोरची मोकळी जागा आपोआप कमी करतो. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यावर तो छोट्या सरकत्या पावलांनी जागा बदलतो की पाय एकमेकांत गुंतवतो, आणि फटका बसण्याच्या क्षणी दोन्ही पायांवर स्थिर असतो का, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

त्यानंतर अडवलेला चेंडू कुठे जातो ते पाहावे. किकरला लागून तो बाजूरेषेकडे गेला तर धोका टळतो. गोलासमोरच्या पेनल्टी स्पॉटकडे परतला तर तो अडवणे अर्धेच काम ठरते. स्टिक उजव्या हातात असल्याने उजवीकडील जमिनीलगतच्या चेंडूपर्यंत पोहोच वाढते, डावीकडे मात्र शरीर झोकून द्यावे लागते. त्यामुळे खरी कमतरता बहुधा डाव्या खालच्या कोपऱ्यात सापडते. वहीत गोलासमोरचे अर्धवर्तुळ काढून फटका कुठून आला, कोणत्या बाजूला गेला आणि अडवल्यावर चेंडू कुठे पडला, अशी तीन सामन्यांची नोंद ठेवल्यास ही कमतरता अंदाजावर राहत नाही. दोन मीटरवरून स्टिकला लागून दिशा बदललेल्या चेंडूचा दोष मुलावर लावू नये.

पेनल्टी कॉर्नरच्या वेळी, म्हणजे नियमभंगानंतर प्रतिस्पर्ध्याला गोलरेषेवरून चेंडू आत देऊन फटका मारण्याची संधी मिळते तेव्हा, त्याचा आवाज ऐकावा. सोबतच्या चार बचावपटूंना तो चेंडू सुटण्यापूर्वीच जागा नेमून देतो का, आणि फटका दिसण्याआधीच जमिनीवर आडवा होतो का? टोकियो ऑलिंपिकमधील महिला हॉकीच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताच्या गोलरक्षक सविता पुनिया यांच्यापुढे ऑस्ट्रेलियाचा एकही कॉर्नर गोलात गेला नाही आणि भारत १-० ने जिंकला. तो सामना मुलांना अवश्य दाखवावा. बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये गोलरक्षकासमोर एकट्याने येणाऱ्या आक्रमकाला आठ सेकंद मिळतात. तेथे पहिल्याच हुलकावणीला खाली बसणारा मुलगा सरावाने सुधारतो, परंतु पुढे यायलाच घाबरणाऱ्याला अधिक वेळ द्यावा लागतो.

गोल झाल्यानंतरची पाच मिनिटे विशेष लक्षपूर्वक पाहावीत, कारण काही मुले त्यानंतर नकळत रेषेकडे मागे सरकतात. सामना संपल्यावर त्याला बाजूला घेऊन एकाच गोलाविषयी विचारावे. ‘बॅकने (बचावपटूने) खेळाडू सोडला’ असे उत्तर आले तर तेही नोंदवावे. ‘मी एक पाऊल उशिरा सरकलो’ असे तो स्वतःहून म्हणाला, तर त्याचे नाव यादीत वर घ्यावे.